वेगवान विमान जिंकतं की चपळ?

प्रश्न असा आहे: एक लढाऊ विमान मॅक २ ने, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगानं उडतं, दुसरं बरंच हळू आहे पण झटकन वळतं. दोघांची गाठ पडली तर कोण जिंकेल? आणि त्याच्या शेपटीला बांधलेला दुसरा प्रश्न: क्षेपणास्त्रं आता शंभर-शंभर किलोमीटरवरून मारतात, मग या कोलांट्याउड्या हव्यात कशाला?

मी बरीच वर्षं लढाऊ विमानं उडवली आणि त्यानंतर ती कशी लढवायची हे शिकवलं. पहिल्या प्रश्नाला मी जे उत्तर देतो ते ऐकून शिकाऊ मुलं वैतागायची. उत्तर म्हणजे उलट प्रश्नच: गाठ पडली तेव्हा कोणाचा वेग किती होता, कोण किती उंचीवर होतं, आणि कोणाच्या टाकीत किती इंधन होतं? हे कळल्याशिवाय विमानाचं नाव सांगून काही उपयोग नाही.

आधी त्या मॅक २ चा निकाल लावू. माहितीपत्रकातला कमाल वेग खोटा नसतो, पण तो साधारण ११-१२ किलोमीटर उंचीवर, पंखाखाली जवळजवळ काही न टांगता, सरळ रेषेत आणि आफ्टरबर्नर पूर्ण पेटवून गाठलेला असतो. आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत आणखी इंधन ओतून पेटवणं. जोर दीडपट-पावणेदोनपट होतो, इंधन मात्र कित्येक पटींनी जळतं. पंखाखाली टाक्या आणि क्षेपणास्त्रं लटकवली की तो आकडा विसरायचा. दोन विमानं एकमेकांभोवती फिरू लागली की लढत ध्वनीच्या वेगाच्या खालीच उतरते, मग कागदावर विमान मॅक २ चं असो की अडीचचं. याचं कारण वैमानिकाच्या हिमतीत नाही, वळणाच्या गणितात आहे.

समजा विमान ताशी ७२० किलोमीटरनं जातंय आणि वैमानिक ६ जी ओढतोय, म्हणजे त्याला आपलं वजन सहापट जाणवतंय. अशा सपाट वळणाची त्रिज्या साधारण ७०० मीटर येते आणि पूर्ण फेरीला २२ सेकंद लागतात. आता तोच ६ जी ठेवून वेग दुप्पट करा, ताशी १,४४०. त्रिज्या दुप्पट होत नाही, चौपट होते: पावणेतीन किलोमीटर. फेरीला ४३ सेकंद. म्हणजे हळू विमान स्वतःभोवती जवळपास दोनदा फिरून येतं तेव्हा वेगवान विमानाची एक फेरी होते, तीही इतकी लांबून की मधल्या काळात त्याला समोरचा दिसेनासा होऊ शकतो.

मग हळू उडावं का? तेही नाही. पंखावरचा उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एखादं विमान सरळ उडताना ताशी २०० किलोमीटरला स्टॉल होत असेल, म्हणजे त्याहून हळू गेल्यास पंख त्याला पेलत नसेल, तर ४०० ला त्याचा पंख जास्तीत जास्त ४ जी देऊ शकतो आणि ६०० ला ९ जी. त्याखाली तुम्ही स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, पोटाला लावलीत तरी पंख थरथरेल, वळणार नाही. त्यापुढे पंख हवं तेवढं देईल, पण विमानाचा सांगाडा आणि तुमची मान देणार नाही. हे दोन्ही जिथं भेटतात त्या वेगाला कॉर्नर स्पीड म्हणतात. त्या वेगाला विमान सगळ्यात झपाट्यानं नाक फिरवतं. प्रत्येक विमानाचा हा आकडा वेगळा असतो आणि वैमानिकाला तो झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे.

इथवर गणित सोपं आहे. घोटाळा पुढे होतो, कारण चपळाई ही एक गोष्ट नाही. एक असते क्षणिक वळण: आत्ता, या सेकंदाला नाक किती वेगानं फिरेल. दुसरं टिकाऊ वळण: वेग न गमावता तुम्ही किती वेळ फिरत राहाल. मोठ्या त्रिकोणी पंखाची विमानं पहिल्यात फार चांगली. मिराज घराण्यातली विमानं नाक असं भिरकावतात की बघणारा चकित होतो. पण तो रुंद पंख इतक्या तिरक्या कोनात हवेला भिडला की ब्रेकसारखा वागतो आणि वेग घसरत जातो. एफ-१६ ची आखणी टिकाऊ वळणाकडे जास्त लक्ष देऊन झाली. म्हणून मिराजवाला पहिल्या अर्ध्या फेरीत गोष्ट संपवायला बघतो आणि एफ-१६ वाला चौथ्या फेरीची वाट बघतो. याशिवाय तिसरी चपळाई आहे, बाहेरच्या लोकांना जिचं भान फारसं नसतं: कूस बदलण्याची, म्हणजे रोलची. वळायचं तर आधी पंख त्या बाजूला झुकवावा लागतो. जो आधी झुकतो, तो वळणाला आधी लागतो.

१९६० च्या दशकात अमेरिकी हवाई दलातल्या जॉन बॉइड यांनी गणितज्ञ थॉमस ख्रिस्टी यांच्या मदतीनं या सगळ्याला एक सामाईक नाणं दिलं, ऊर्जा. उंची ही साठवलेली ऊर्जा, वेग ही चालती ऊर्जा, आणि एक देऊन दुसरी घेता येते. ताशी ९०० किलोमीटर वेग म्हणजे हिशेबात सुमारे ३,२०० मीटर उंची. वेग निम्म्यावर आला, ४५० झाला, की तीच शिल्लक ८०० मीटरवर येते. एका जोरदार वळणात वेग निम्मा केलात तर तीन चतुर्थांश पुंजी संपली. इंजिनाचा जोर वजा हवेचा अडथळा, गुणिले वेग, भागिले वजन: एवढं एक सूत्र सांगतं की या क्षणी विमान ऊर्जा कमावतंय की उधळतंय. बॉइड यांनी वेगवेगळ्या विमानांचे तक्ते एकमेकांवर ठेवले आणि कुठल्या उंचीला, कुठल्या वेगाला आपण वरचढ आणि कुठे मार खाऊ, हे डोळ्यांना दिसू लागलं. अमेरिकेची काही विमानं सोव्हिएत विमानांपुढे बऱ्याच भागात कमी पडतात हेही त्यातून दिसलं.

मला हे सूत्र पाठ होतं आणि तरी एकदा मी त्याच्यासमोर सपशेल आपटलो. सरावाची लढत होती. माझं विमान जड आणि दमदार, समोरचं लहान आणि वळणाला गोड. पहिल्या गाठीला मला त्याची शेपटी दिसली आणि मोह झाला. नाक त्याच्यावर ठेवायला मी ओढत राहिलो. पहिल्या फेरीत वाटलं जमतंय. दुसऱ्या फेरीत विमान थरथरू लागलं. तिसऱ्या फेरीत वेगाच्या काट्याकडे बघितलं तेव्हा उतरण्याच्या पट्टीवर असतो त्याच्या जवळपासचा आकडा दिसला आणि वर मान केली तर तो माझ्या मागे. नंतरच्या चर्चेत प्रशिक्षकांनी फळ्यावर काही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "लढलास चांगला, पण त्याची लढाई लढलास." वैमानिकाचं निम्मं शिक्षण या एका वाक्यात आहे. समोरच्याला त्याच्या आवडीच्या वेगापासून आणि उंचीपासून ओढून आपल्या अंगणात आणायचं, यालाच डावपेच म्हणतात.

हवाई युद्धाचा इतिहास या चष्म्यातून बघितला तर गमतीदार दिसतो. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या फॉकरचं तीन पंखांचं डीआर-१ वळायला आणि चढायला अफाट होतं, पण हळू होतं. त्याच्यासमोरची एसई-५ए आणि स्पॅड-१३ ही विमानं वळणात त्याला पुरी पडत नव्हती, म्हणून त्यांच्या शहाण्या वैमानिकांनी वळायचंच सोडून दिलं. वरून सूर मारायचा, एक फैर झाडायची आणि मिळालेल्या वेगावर परत वर निघून जायचं. सॉपविथ कॅमल या ब्रिटिश विमानाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचं इंजिन स्वतःच पंख्याबरोबर फिरायचं आणि त्या फिरत्या वजनामुळे विमान उजवीकडे जितकं झपकन वळायचं तितकं डावीकडे वळत नसे. या खोडीनं कितीतरी शिकाऊ मुलं मेली आणि जाणत्यांनी तिचंच हत्यार केलं.

दुसऱ्या महायुद्धातलं जपानी झिरो हे या विषयातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण. हलकं, लांब पल्ल्याचं आणि कमी वेगाला वळणात अजिंक्य. पण तो हलकेपणा फुकट आलेला नव्हता. सुरुवातीच्या झिरोत वैमानिकामागे चिलखत नव्हतं आणि गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या इंधनटाक्या नव्हत्या. चीनमध्ये अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांचे प्रमुख क्लेअर शेनॉल्ट यांनी आपल्या पी-४० विमानवाल्यांना बजावून ठेवलं होतं की जपानी विमानांशी वळणाच्या फंदात पडायचं नाही, उंचीवरून या, मारा आणि निघून जा. जून १९४२ मध्ये अल्यूशन बेटांपैकी अकुतानवर एक झिरो दलदलीत उलटं झालं. ते अमेरिकनांच्या हाती लागलं आणि दुरुस्त करून त्यांनी सप्टेंबरमध्ये उडवून पाहिलं. ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास त्याचे एलेरॉन, म्हणजे कूस बदलायच्या पंखावरच्या फळ्या, इतके जड होत की कूस बदलायला दम लागे. उजवीकडे तर डावीकडच्यापेक्षाही कष्ट. आणि नाक झटक्यात खाली दाबलं की कार्ब्युरेटरमुळे इंजिन गचके खाई. निष्कर्ष सरळ होता: झिरो मागे लागलं तर नाक खाली घाला, वेग वाढवा आणि मग उजवीकडे वळा. तेच अजिंक्य विमान दीडशे किलोमीटर जास्त वेगाला अडखळत होतं. विमान बदललं नव्हतं, अंगण बदललं होतं.

त्याआधीच जॉन थॅच या अमेरिकी नौदलाच्या वैमानिकानं घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून आणखी एक तोड काढली होती. त्याचं वाइल्डकॅट झिरोपेक्षा वळणात आणि चढणीत दोन्हीत कमी. म्हणून दोन विमानं बाजूबाजूनं, मध्ये अंतर ठेवून उडवायची. एकाच्या मागे झिरो लागलं की दोघांनी एकमेकांच्या दिशेनं वळायचं. पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या तोफेसमोर येतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत त्यानं हे प्रत्यक्ष करून दाखवलं. यात मला भावते ती ही गोष्ट की विमानातली उणीव त्यानं विमानात भरून काढलीच नाही, शेजारच्या विमानानं भरून काढली. चपळाईची तुलना नेहमी एकास एक केली जाते. प्रत्यक्षात आकाशात एकास एक फार क्वचित भेटतं.

युरोपातही तसंच. १९४१ मध्ये जर्मनांचं फॉके-वुल्फ १९० आलं तेव्हा स्पिटफायर-५ वळणात त्याच्यापेक्षा सरसच होतं. पण १९० कूस इतकी झटकन बदलायचं की स्पिटफायर वळायला लागेपर्यंत ते उलटं होऊन खाली निसटलेलं असायचं. ब्रिटिशांनी काय केलं? काही स्पिटफायरच्या पंखांची टोकं छाटली. वळण थोडं गेलं, रोल मिळाला. हा सौदा ज्याला कळला त्याला लढाऊ विमानाची आखणी कळली. कुठलीच गोष्ट फुकट मिळत नाही, दुसरं काहीतरी मोजूनच ती घ्यावी लागते.

कोरियाच्या युद्धात सोव्हिएत मिग-१५ आणि अमेरिकी एफ-८६ सेबर. मिग वर जास्त चढायचं, वेगानं चढायचं आणि त्याच्या तोफा मोठ्या होत्या. कागदावर मिगचं पारडं जड. पण ध्वनीच्या वेगाजवळ गेल्यावर मिग ऐकेनासं व्हायचं आणि सुधारित सेबरचं आडवं शेपूट अख्खं हलायचं, हायड्रॉलिक जोरावर. शिवाय बुडबुड्यासारख्या काचेतून चहूकडे दिसायचं. बॉइड स्वतः तिथं सेबर उडवत होते आणि एका हालचालीतून दुसरीत जाण्याची ही सहजता त्यांच्या डोक्यात पक्की बसली. समोरच्याला उमज पडेपर्यंत आपण पुढची चाल केलेली असावी, हे त्यांचं पुढचं सगळं म्हणणं इथूनच निघालं असं मला वाटतं. दिसण्याचा मुद्दाही हलका घेऊ नका. १९६५ आणि १९७१ मध्ये भारतीय नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबरना त्रास दिला त्याचं एक कारण नॅटचं आकारमान होतं. पंखांचा पसारा सात मीटरांहून कमी, त्यामुळे ते नजरेत येईपर्यंत बराच उशीर झालेला असे. जे विमान दिसतच नाही, त्याच्या वळणाची त्रिज्या मोजत कोण बसणार?

व्हिएतनाम हा सर्वांत महागडा धडा. क्षेपणास्त्रं आली, आता जवळची लढाई संपली, असं ठरवून एफ-४ फँटम तोफेशिवाय बनवलं होतं. अंगभूत तोफ आली ती एफ-४ई मध्ये. प्रत्यक्षात लक्ष्य डोळ्यांनी ओळखल्याशिवाय मारू नका असा नियम बहुतेक वेळा असे, क्षेपणास्त्रं बेभरवशाची निघाली आणि फँटमवाले उत्तर व्हिएतनामच्या, फँटमच्या एक तृतीयांश वजनाच्या मिग-१७ बरोबर वळणात अडकू लागले. मिग-१७ वाले खाली गोल रिंगण धरून फिरत. जो आत शिरेल त्याच्या मागे दुसरा मिग तयार. मिग-२१ वाले याच्या अगदी उलट वागत. जमिनीवरचं रडार त्यांना अमेरिकी तुकडीच्या मागे आणून सोडी, ते एकदाच झडप घालत, क्षेपणास्त्र सोडत आणि वर निघून जात. एकाच हवाई दलातली ही दोन विमानं दोन टोकाच्या पद्धतींनी लढत होती, कारण एकाकडे वळण होतं आणि दुसऱ्याकडे वेग.

फँटमकडे काय होतं? दोन दणकट इंजिनं. मार्च १९६९ मध्ये अमेरिकी नौदलानं मिरामारला टॉपगन ही हवाई लढतीची शाळा सुरू केली तिथं हेच शिकवलं गेलं की आडवं वळू नका, उभे वळा. इथं एक छोटी गंमत सांगतो. उभ्या वर्तुळात गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूनं आणि विरुद्धही असतं. तळाशी ४ जी ओढलेत तर एक जी पृथ्वी खाते, वळायला ३ उरतात. माथ्यावर उलटे असताना तेच ४ ओढलेत तर पृथ्वी एक जोडून देते, ५ होतात. शिवाय वर जाताना वेग घटतो आणि त्रिज्या आवळते. म्हणून तो गोल खरा गोल नसतो, टोकाला निमुळतं अंडं असतं. जास्त जोराच्या विमानानं समोरच्याला या अंड्यात ओढायचं. त्याचा दम माथ्यापर्यंत पुरत नाही, तो मध्येच नाक टाकतो आणि तुम्ही वरून त्याच्यावर येता. टॉपगननं मिग-१७ च्या भूमिकेसाठी छोटं, हळू ए-४ वापरलं हेही महत्त्वाचं. आपल्यासारख्याच विमानाशी सराव करून ऊर्जेचं गणित अंगात मुरत नाही.

वेग जास्त असण्याचा एक तोटा नवख्यांना फार उशिरा कळतो, तो म्हणजे पुढे निसटणं. सावजाच्या मागे तुम्ही जास्त वेगानं आलात आणि त्यानं कडक वळण घेतलं की तुम्ही त्याच्या वळणाबाहेर फेकले जाता आणि एका क्षणात शिकाऱ्याचीच शिकार होते. त्यावर उपाय म्हणजे थ्रॉटल ओढून इंजिनाचा जोर कमी करणं नव्हे, तो तर पुंजी जाळणं झालं. नाक वर उचलायचं, वेग उंचीत साठवायचा, वरून त्याच्याकडे बघत पंख झुकवायचा आणि पुन्हा खाली उतरायचं. याला हाय यो-यो म्हणतात. नीट जमला तर एक थेंबही सांडत नाही.

१९८२ चं फॉकलंड युद्ध वेगवाल्यांच्या नाकावर टिच्चून समोर ठेवावं असं आहे. ब्रिटिश सी हॅरियर ध्वनीच्या वेगाखालचं विमान. अर्जेंटिनाची मिराज-३ आणि डॅगर मॅक २ ची. हवाई लढतीत सी हॅरियर एकही पडलं नाही आणि अर्जेंटिनाची वीसेक विमानं त्यांनी पाडली. लोक सांगतात की हॅरियर इंजिनाच्या नळ्या फिरवून हवेत थांबायचं म्हणून जिंकलं. ती दंतकथाच आहे. खरी कारणं रुक्ष आहेत: नव्या साइडवाइंडर एल क्षेपणास्त्राला लक्ष्याची शेपटीच दिसायला हवी अशी अट नव्हती, वैमानिक उत्तम तयार होते, आणि अर्जेंटिनाचे तळ बेटांपासून इतके दूर की तिथं पोचल्यावर लढायला काही मिनिटांचंच इंधन उरे. आफ्टरबर्नर पेटवला तर घर गाठता येणार नाही. म्हणजे विमानात मॅक २ होता, पण वैमानिकाला तो वापरायची मुभा नव्हती. कबड्डीतल्या चढाईसारखं आहे हे. पाय कितीही वेगवान असोत, दम संपायच्या आत मध्यरेषा ओलांडून परत येता आलं पाहिजे.

याउलट निव्वळ वेगावर जगलेलं विमान म्हणजे मिग-२५. वळणात ते ओझ्याच्या बैलासारखं. पण १९७१-७२ मध्ये सोव्हिएत वैमानिक ते सिनाईवरून नेत आणि इस्रायली फँटम खालून चढून येईपर्यंत ते कधीच निघून गेलेलं असे. वेग तुम्हाला हे एक देतो, आणि हे फार मोठं आहे: लढायचं की नाही हे तुम्ही ठरवता. हळू विमानाला ती निवड नसते. चपळाई तुम्हाला गुंतल्यानंतरच्या निवडी देते. म्हणून अनुभवी माणसाला विचारलं तर तो बहुधा वेग आधी मागेल, पण पुरेशा वळणासकट.

१९९० नंतर जवळच्या लढाईचे नियम आणखी एकदा उलटले. जर्मनीचं एकीकरण झालं आणि पूर्व जर्मनीची मिग-२९ विमानं पश्चिमेच्या हाती आली. त्यावरचं आर-७३ क्षेपणास्त्र आणि शिरस्त्राणावरची नेमयंत्रणा यांची जोडी बघून भलेभले गप्प झाले. वैमानिकानं नुसती मान वळवून बघायचं, क्षेपणास्त्राचं डोकं तिकडे वळतं. म्हणजे नाक फिरवायचं काम विमानाकडून मानेकडे आणि क्षेपणास्त्राकडे गेलं. आता तर सगळ्यांकडेच ते आहे. याचा अर्थ मंद वेगाला आवळून फिरत राहणं, जे पूर्वी मिनिटभर चालायचं, ते आता दोघांचंही मरण ठरू शकतं. पहिल्या अर्ध्या वळणात दोन्हीकडून क्षेपणास्त्रं सुटलेली असतात. १९८९ मध्ये सोव्हिएत चाचणी वैमानिक व्हिक्टर पुगाचोव्ह यांनी पॅरिसजवळच्या प्रदर्शनात सु-२७ चं नाक उभं करून दाखवलेला कोब्रा नेत्रदीपकच होता. इंजिनाच्या नळ्या वळवणारी विमानं तर त्याहून अचाट गोष्टी करतात. पण त्यानंतर विमान जवळजवळ लटकलेलं असतं आणि शत्रूचा दुसरा गडी कुठे आहे हे माहीत नसेल तर ती चाल मी कुणालाही सुचवणार नाही.

आता दुसरा प्रश्न, लांबच्या क्षेपणास्त्रांचा. समोरासमोर येणारी दोन विमानं प्रत्येकी सेकंदाला ३०० मीटरनं उडत असतील तर त्यांच्यातलं ८० किलोमीटरचं अंतर सव्वादोन मिनिटांत संपतं. त्या सव्वादोन मिनिटांत वेग आणि वळण दोन्ही कामाला लागतात, फक्त वेगळ्या तऱ्हेनं.

बहुतेक क्षेपणास्त्रांचं इंजिन थोडेच सेकंद जळतं. पुढचा सगळा प्रवास मिळालेल्या वेगावर, फेकलेल्या दगडासारखा. उंचावरून आणि वेगात सोडलेलं क्षेपणास्त्र विरळ हवेतून, जास्त पुंजी घेऊन निघतं आणि बरंच लांब पोचतं. म्हणून एफ-२२ आफ्टरबर्नर न पेटवता ध्वनीपेक्षा वेगानं उडतं याचं कौतुक, आणि मिग-३१ सारखं वळणाच्या नावानं शून्य असलेलं विमान आजही धोकादायक. इथं वेग हा विमानाचा नसून क्षेपणास्त्राचा पल्ला असतो. उलट बाजूनं, ज्याच्यावर क्षेपणास्त्र येतंय त्यानं पाठ फिरवली तर समोरून मिळणारा पल्ला तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येऊ शकतो. म्हणजे प्रश्न उरतो की पाठ किती लवकर फिरवता?

सेकंदाला ३०० मीटर वेगाला ६ जी ओढून उलटं फिरायला साधारण १६ सेकंद लागतात. टाक्या लटकवलेल्या जड विमानाला उंचावर जेमतेम ३ जी मिळाले तर त्याच कामाला ३४ सेकंद. हा १८ सेकंदांचा फरक सेकंदाला ९०० मीटरनं येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी १६ किलोमीटर आहे. दूरच्या लढाईत चपळाई लागत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा कागदावर मांडून बघावा. आणि इथंच पेच बसतो. १२ किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या चौथ्या हिश्श्याएवढी असते. जिथून क्षेपणास्त्र लांब जातं तिथंच पंख सर्वांत कमी वळवतो. म्हणून मारून झालं की खाली यायचं, दाट हवेत. तिथं वळणही मिळतं आणि मागे येणाऱ्या क्षेपणास्त्राचा दमही लवकर संपतो. मीटिऑरसारख्या रॅमजेट, म्हणजे समोरून हवा घेऊन जळत राहणाऱ्या इंजिनाच्या क्षेपणास्त्रानं हे गणित अवघड केलंय, कारण ते शेवटपर्यंत जोर टिकवतं. मग वळायचं ते आधी, बरंच आधी.

क्षेपणास्त्र सोडल्यावर वैमानिक सरळ पुढे जात नाही. तो पन्नास-साठ अंश बाजूला वळतो, इतकंच की आपल्या रडारच्या कडेला शत्रू दिसत राहावा. त्यामुळे शत्रूच्या क्षेपणास्त्राला लांबचा पल्ला पडतो. आणि शत्रूचं रडार मागे लागलं तर बरोबर काटकोनात वळायचं, म्हणजे आपण त्याच्याकडे येतही नाही आणि त्याच्यापासून जातही नाही. जमिनीच्या पार्श्वभूमीवर अशा वेळी जवळ येण्या-जाण्याच्या वेगावरून लक्ष्य ओळखणाऱ्या डॉप्लर रडारला आपण दिसेनासे होतो. काटकोन दहा-पंधरा अंशांनी चुकला तर दिसत राहतो. नाक नेमकं आणि पटकन हव्या दिशेला नेणं, हेच ते जुनं कसब.

आता मूळची दोन विमानं. वेगवान विमानात मला बसवलंत तर मी उंचावरून, ध्वनीपेक्षा वेगात येईन, लांबून क्षेपणास्त्र सोडीन आणि त्याच्या टप्प्यात जाण्याआधी वळीन. चुकून गाठ पडलीच तर एकदा समोरून जाईन आणि वळून बघण्याचा मोह आवरून सरळ निघून जाईन, दहा-पंधरा किलोमीटर. मग पुन्हा येईन. चपळ विमानात बसवलंत तर मी खाली राहीन, डोंगरांच्या आणि जमिनीच्या आडोशानं, रडार बंद ठेवून, आणि जोडीदाराला बाजूला उंचावर ठेवीन म्हणजे वेगवाल्याचं लक्ष तिकडे जाईल. त्याला वेग उधळायला लावीन. त्याला एक वळण घ्यायला लावलं की दुसरं तो स्वतःच घेतो, मी घेतलं होतं तसंच. आणि दोन्ही विमानांत इंधनाची ती रेषा, जिच्याखाली काटा आला की समोर कोणीही असो परतायचं, उड्डाणाआधीच ठरवून मांडीवरच्या पॅडवर लिहून ठेवलेली असेल.